सतरावं पान

बुधवारी अडीचला माझी बस डेपोत लागते
आणि तीनला मी अ‍ॅडम्स स्ट्रीटवर
लेलँडच्या दुकानात, युनिफॉर्मसकट.
तो काही विचारत नाही.
काउंटरखालून माझ्या नावाचा गठ्ठा काढतो,
या आठवड्याचे चार अंक,
अजून शाईचा वास धरून असलेले.

आधी वाईट बातमी.
'वीजधर'चा नववा अंक म्हणजे बावीस पानांची जांभई.
खलनायक पाच पानं भाषण ठोकतो
आणि हा ऐकून घेतो! हातात आसूड असून!
आमच्या युनियनच्या बैठकीतसुद्धा
कुणी कुणाचं इतकं ऐकून घेत नाही.

'भूकंपबाई' बरा.
रंग सुरेख, नोव्हेंबरात एरी सरोवरावर उतरतो
तसला मळकट जांभळा.
पण नव्या चित्रकाराला हात काढता येत नाहीत.
मूठ काढली की केळ्यांचा घड होतो,
म्हणून सगळ्यांचे हात खिशात, झग्यात, धुरात.
जगाचा अंत होतोय
आणि मंडळी उभी थंडी वाजल्यासारखी.

तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं.
चार वेगवेगळी मुखपृष्ठं, आत गोष्ट एकच,
तीही गेल्या उन्हाळ्यातली उरलेली.
मी दोन मुखपृष्ठं घेतली.
हसू नका.

आता 'कंदीलवाला', अंक तीनशे बारा.
मेला.
हो, सांगून टाकते, मुखपृष्ठावरच छापलंय.
एकतीस वर्षं मी याच्या मागे आहे,
माझी दोन लग्नं मिळूनही तेवढी टिकली नाहीत.
याआधी तो तीनदा मेलाय:
एकदा बुडून, एकदा भविष्यकाळात,
एकदा तर नुसता गैरसमज होता.
शेजारच्या रॅकपाशी थिओफिलस, वय वर्षं तेरा,
चष्मा वर करून डोळे पुसत होता.
म्हटलं, पोरा, जूनपर्यंत येतो बघ परत,
नवा पोशाख शिवायला टाकला असेल.
तो म्हणाला, या वेळी खरंच आहे.
मी गप्प बसले.
तो बुडाला त्या बुधवारी
मीही गाडीत बसून होते, चावी न फिरवता.

पण मला मरणाबद्दल बोलायचंच नाहीये.
सतरावं पान काढा.
खाली उजवीकडे, काडेपेटीएवढी चौकट.
राक्षसाने बस उचललीय.
बस उचलतातच.
एकतीस वर्षांत, माझ्या हिशेबाने, दोनशेच्या वर बसगाड्या
फेकल्या, पिळल्या, गदेसारख्या फिरवल्या,
आणि एकदाही
स्टिअरिंगवर कुणी नव्हतं.
जणू त्या आपल्या आपण गावभर हिंडतात,
म्हशींसारख्या.

या चौकटीत आहे.
थोराड बाई, कानामागे पेन्सिल,
खांद्याने दार रेटून धरलंय
आणि माणसं उतरवतेय:
एक म्हातारा, किराण्याची पिशवी, बूट हातात घेतलेली मुलगी.
संवादाचा फुगा नाही. ओठ तेवढे अर्धवट उघडे.
बाकीच्यांना वाटेल ओरडतेय.
नाही. मोजतेय.
आम्ही मोजतो.
पान उलटा, बस बँकेवर आदळते.
रिकामी.

मग कंदीलवाला मरतो, सलग दोन पानं, सोनेरी उजेडात.
छान मरतो. माझी तक्रार नाही.

लेलँडला दाखवलं.
त्याने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं,
म्हणाला, दार डावीकडे काढलंय.
बघते तर खरंच.
चित्रकार जन्मात कधी टोलेडोत बसने गेला नसणार.

थिओफिलसने विचारलं, हिचं नाव काय?
पहिल्या पानावरच्या बारीक अक्षरांत आम्ही दोघांनी शोधलं.
शाई कुणाची, रंग कुणाचे, अक्षरं कुणाची,
छापखाना कॅनडातल्या कुठल्याशा गावचा.
हिचं नव्हतं.
पुढच्या बुधवारी बघू, म्हणाला तो,
आणि नाक ओढत
सुट्टी नाणी मोजायला लागला.